अफोर्ड म्हणजे काय गं?

"इथं कांडून मिळेल ना? आजच? चारच्या आत?"

पांढरी गाडी दारात लावून ड्रायव्हरनं दोन मोठे डबे आत आणून ठेवले होते, आणि त्याच्यामागून नाकाला रुमाल लावून बाई आत आल्या होत्या. एप्रिल महिना, सकाळचे दहा. दोन्ही डंक चालू, लोखंडी मुसळं धडाधड आपटतायत, हवेत मिरचीचा खकाणा, आणि भिंतीकडेनं पाच-सहा बायका आपापला डबा मांडीशी धरून बसलेल्या. मी पदर नाकावरून घेऊन मागं गाठ मारली होती. त्यामुळं बाईंना माझे नुसते डोळे दिसत होते. मला मात्र त्या अख्ख्या दिसत होत्या.

केस पांढरे झाले होते, चष्मा बदलला होता. पण उभं राहायची तऱ्हा तीच, हनुवटी जरा वर. सरनोबत मॅडम. आमच्या कराडातल्या एका इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका. आता रिटायर झाल्या होत्या म्हणे.

"मिळेल की," मी ओरडून म्हटलं. "बसा."

मनात म्हटलं, ये बाई ये. अकरा वर्षं वाट बघतीय तुझी.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली, पण तो दिवस मला अजून सगळा दिसतो. मी इंदुमती डुबल. बाजाराच्या मागं माझा मसाल्याचा डंक होता. मिरची, धणे, खोबरं, सगळं भाजून-वाळवून बायका घरून आणायच्या आणि मी कांडून द्यायची. डंकाचा एक रिवाज असतो. आपल्या चटणीपाशी आपण बसायचं. डबा ठेवून कुणी घरी गेलं, तर परत येईपर्यंत आपली ब्याडगी जाऊन तिथं दुसऱ्या कुणाची हलकी पांडी मिरची आलेली असायची, असा एकमेकींवर संशय. म्हणून लाखाची बाई असली तरी तीन-तीन तास तिथंच शिंकत बसायची. आणि नंबर डब्याचा. जो डबा आधी, तो आधी.

मॅडमचा नंबर सातवा होता. मी डबे उचलले आणि ओळीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवले.

त्यांनी ते पाहिलं. उठून माझ्याजवळ आल्या. "अहो ताई, या दोघी तर माझ्यानंतर आल्या ना? माझ्या मुलीची उद्या पहाटे फ्लाइट आहे, कॅनडाला. चारला गाडी निघणार मुंबईला. आमच्या नेहमीच्या डंकाची मोटर जळलीय, नाहीतर..."

नाहीतर मी तुमच्या दारात कशाला येतेय, असंच ना? मी कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही.

ऐकू सगळं येत होतं. सतरा वर्षं डंकाशेजारी काढलेल्या माणसाला आवाजातनंही ओठ वाचता येतात.

शेवंताक्का दुसऱ्या मशीनवर होती. ती माझ्या आईच्या वयाची, जिभेनं तिखट, आणि कानानं निम्मी गेलेली. आम्ही दोघी दिवसभर हातानंच बोलायचो. आवाजात ओरडून घसा बसतो, तोंड उघडलं की मिरची आत जाते. त्यामुळं डंकावरच्या सगळ्या खुणा ठरलेल्या. मूठ आपटली की घाणा टाक. दोन बोटं वळवली की चाळून घे. आणि अंगठ्यावर बोट घासून पंजा उलटा झटकला, की परवडत नाही. ती खूण दिवसातून वीस वेळा व्हायची. भाव कमी करा म्हटलं की मी करायची, मी भाव सांगितला की गिऱ्हाईक करायचं. सीझनला येणाऱ्या बायकांनाही त्या खुणा पाठ झाल्या होत्या.

शेवंताक्कानं भुवया उडवल्या. ही कोण?

मी हातानं सांगितलं. हीच ती. शाळेतली.

शेवंताक्काच्या हातातली चाळण थांबली.

तिला सगळं ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

माझी गौतमी तेव्हा पाच वर्षांची. आमचे हे उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिना-महिना घरी नसायचे. पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं हे माझ्याच डोक्यात शिरलं होतं. दोन सीझन मी एकटीनं डंक ओढला, एक नवं पातळ घेतलं नाही, आणि पहिल्या सहामाहीची सगळी फी साठवली. रुमालात बांधून ती माझ्या पिशवीत होती. गौतमीच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी लावल्या, आणि दहाच्या ठोक्याला शाळेत गेलो. आम्हाला बाकावर बसवलं ते दीड वाजेपर्यंत. आमच्यामागून आलेली माणसं आत जाऊन बाहेर आली. पोरीला भूक लागली, तिनं पाणी पिऊन घेतलं. एकदाही रडली नाही.

दीड वाजता आत बोलावलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. माझी नखं मिरचीनं कायमची लाल, ती मी पदराखाली घेतली. त्यांनी गौतमीला नावही विचारलं नाही. शेजारच्या टीचरकडं वळून म्हणाल्या, "नो, नो. दे कान्ट अफोर्ड." टीचर काहीतरी बोलल्या, तर परत म्हणाल्या, "आय टोल्ड यू, दे कान्ट अफोर्ड."

मी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"काही नाही," त्या हसून म्हणाल्या. "कळवतो आम्ही."

पिशवी माझ्या मांडीवर होती. फी किती, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि आहे का, हेही कुणी विचारलं नाही.

रस्त्यात गौतमीनं विचारलं, "आई, अफोर्ड म्हणजे काय गं?"

पोरीचे कान तिखट, दोनदा ऐकलेला शब्द तिनं बरोब्बर उचलला होता. मला अर्थ ठाऊक नव्हता, पण सूर कळला होता. उन्हात उभी राहून ती माझ्याकडं मान वर करून बघत होती, रिबीन सुटलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अफोर्ड म्हणजे लई हुशार. मॅडम म्हणाल्या, पोरगी एवढी हुशार आहे, आमच्या शाळेत हिला शिकवण्यासारखं काही उरलंच नाही."

काय खूश झाली! गल्लीत घरोघरी सांगून आली, "मी अफोर्ड आहे. मॅडम म्हणाल्या."

चार दिवसांनी मी मेडिकलवाल्या काकांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "परवडणे." मी म्हटलं, एवढंच? एवढंच. अहो, हा तर आमचाच शब्द! दिवसभर तोंडात असतो, त्यात कसला अपमान? मला परवडत नाही, असं म्हणताना मला कधी लाज वाटली नाही. पण ते ज्याचं त्यानं म्हणायचं असतं. माझी पिशवी न बघता, माझ्या समोर, मला कळू नये अशा भाषेत, माझ्या पोरीच्या डोक्यावरून दुसऱ्यानं कशाला म्हणायचं? त्या दिवशी जी तळपायाची आग मस्तकात गेली, ती उतरलीच नाही.

आणि तेव्हाच पोरीला खरा अर्थ सांगायला पाहिजे होता. दर वेळी ठरवायची, आज सांगू. तिचं तोंड बघितलं की जीभ रेटायची नाही.

गौतमी नगरपालिकेच्या शाळेत गेली. पाचवीत सरांनी वर्गात विचारलं, कुणाला इंग्रजी शब्द येतात? ही उठली. "अफोर्ड. अफोर्ड म्हणजे हुशार. मी अफोर्ड आहे." सर हसले, मग वर्ग हसला. पुढं वर्षभर सगळी पोरं तिला "ए अफोर्ड" म्हणूनच हाक मारायची. घरी येऊन तिनं शाळेच्या वाचनालयातली डिक्शनरी माझ्या पुढ्यात उघडून ठेवली, शब्दावर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. खोटं दुसऱ्यांदा बोलवेना.

ती रागावली नाही, भांडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं मला कशाचाही अर्थ विचारला नाही. आधी भंडावून सोडायची. आई, हे म्हणजे काय, ते म्हणजे काय, सावली लांब का होते, पंचायत म्हणजे काय. ते सगळं बंद. पाच वर्षं झाली होती त्याला. घरात बोलायची, हसायची, कामाला हात लावायची. विचारायची मात्र नाही. मला वाटायचं, माझी पोरगी एका बाईनं दोन वाक्यांत माझ्यापासून तोडली.

तर ती बाई आता माझ्या डंकावर, माझ्या फळीवर बसली होती.

अकरा वाजले. साडेअकरा. मी एकेकीचा घाणा काढत होते आणि मॅडमचे डबे मागंच. त्यांचे डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं. सारख्या घड्याळ बघत होत्या. बाहेर गाडीत जाऊन बसायचं तर डब्यांवर विश्वास कुणाचा? दोनदा उठून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी हिशेब घातला होता. दीड वाजेपर्यंत हिला बसवायची. दहा ते दीड, चोख साडेतीन तास, ना कमी ना जास्त. मग मशीन बंद करायची, पदर सोडायचा, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "यू कान्ट अफोर्ड." वाक्य घोटून तयार होतं. भाकरी थापताना म्हणायची, अंघोळीला म्हणायची. डबे उचलून गाडीत ठेवायला लावायचे, आणि कॅनडावालीला जाऊ दे बिनमसाल्याची.

शेवंताक्काला दम नव्हता. तिनं हातानं मला विचारलं, हिची किती गं ऐपत? आणि मॅडमकडं बोट करून अंगठ्यावर बोट घासलं, पंजा उलटा झटकला. परवडत नाही.

फळीवरच्या दोघी फिस्सकन हसल्या.

मग मलाही चेव आला. मी गाडी दाखवली, हातातल्या पाटल्या दाखवल्या, हनुवटी वर करून दाखवली, आणि पंजा झटकला. एवढं सगळं आहे, पण बिचारीला परवडत नाही! बायका हसून हसून खोकायला लागल्या. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शेजारणीनं कानात सांगितलं. एकीनं आपल्या डब्यातली चिमूटभर चटणी दाखवली आणि मॅडमकडं बघून पंजा झटकला. दुसरीनं मॅडमसारखा रुमाल नाकाला लावून दाखवला. मॅडम मधोमध बसल्या होत्या. सगळ्यांकडं बघून हसायचा प्रयत्न करत होत्या, कारण आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं त्यांना कळत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

"काय म्हणताय?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही," मी पदराआड हसून म्हटलं.

आहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू! थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही.

तेवढ्यात गौतमी माझा जेवणाचा डबा घेऊन आली. सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. ती डंकावरच रांगली होती, तिला सगळ्या खुणा येत होत्या. दारातच थांबून तिनं एकदा सगळीकडं बघितलं. शेवंताक्कानं तिला हातानं सांगितलं, हीच ती. शाळेतली. आणि परत एकदा पंजा झटकून दाखवला. बायका परत हसल्या.

गौतमी हसली नाही. ती मॅडमकडं बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीचं असेल. पण नाक पुसून, चष्मा काढून, त्या प्रत्येक हसणाऱ्या तोंडाकडं बघत होत्या, आता कुणीतरी आपल्याला सांगेल म्हणून.

हे मी आधी कुठं पाहिलंय ते मला तेव्हा आठवलं नाही. गौतमीला आठवलं असावं. पाचवीच्या वर्गात ती अशीच उभी राहिली असेल.

मॅडमना ती एकटीच न हसणारी दिसली. त्यांनी तिचा हात धरला. "बाळ, तू सांग ना. काय म्हणतायत या सगळ्या? माझं काही चुकलं का?"

गौतमीनं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हातांनी जोरात खूण केली, सांग. सांग तिला. तुझ्या तोंडून ऐकू दे. यापेक्षा चांगला मोका मागूनही मिळाला नसता. मी दोन्ही मशीनचा खटकासुद्धा खाली ओढला, म्हणजे शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू जावा.

डंक थांबला. 

गौतमी म्हणाली, "आई म्हणतीय, तुम्ही खूप हुशार दिसता."

माझे हात तसेच वर राहिले. पोरीनं हे म्हणताना मॅडमकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होती. अकरा वर्षांपूर्वी उन्हात मी जे तोंड करून तिला सांगितलं होतं, अगदी तेच तोंड. प्रेमाचं आणि खोटं. हे तोंड तिनं इतकी वर्षं जपून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडमचा चेहरा उजळला. "अगोबाई! थँक यू! अहो, जन्म शाळेत गेला ना माझा," त्या मला म्हणाल्या. मग गौतमीच्या पाठीवर हात ठेवला. "गोड आहेस गं. कुठल्या शाळेत होतीस? आमच्याकडं का नाही आलीस? तुझ्यासारख्या मुली हव्या असतात शाळेला."

"आले होते मॅडम," गौतमी शांतपणे म्हणाली. "पहिलीच्या इंटरव्ह्यूला. आईला पसंत पडली नाही तुमची शाळा."

"आईला?"

"हो. दीड वाजेपर्यंत थांबलो होतो आम्ही. मग आईनंच नको म्हटलं."

शेवंताक्काला ऐकू आलं नसणार, पण बाकीच्या बायकांनी ऐकलं, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. मॅडम माझ्याकडं वळल्या. मी पदराची गाठ सोडली. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, मग माझ्या नखांकडं बघितलं. आठवलं का त्यांना? खरंच सांगते, मला कळलं नाही. शाळेत किती आया येऊन जातात. पण पाठीवरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला, आणि हनुवटी खाली आली.

मी त्यांचा डबा उचलला, खटका वर केला आणि घाणा टाकला. वाक्य घोटून तयार होतं, ते तसंच राहिलं. पोरीनं इतकं सुबक काम केल्यावर त्यावर माझं वेडंवाकडं इंग्रजी कशाला ओतायचं?

आणि कांडलं ते मन लावून कांडलं. दोनदा चाळलं. लसूण-मीठ बघून घेतलं. माझ्या डंकाची चटणी कॅनडात गेली आणि कुणी नाव ठेवलं, असं मला चालणार नव्हतं. सव्वातीनला डबे भरून गाडीत गेले. मॅडमनी नोटा दिल्या आणि म्हणाल्या, "वरचे राहू द्यात तुम्हाला."

मी वरचे पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. "असू द्यात मॅडम, तुमच्याजवळ. लांबचा प्रवास आहे पोरीचा."

गाडी वळली. शेवंताक्का दारात गेली आणि जाणाऱ्या गाडीकडं बघून तिनं दोन्ही हातांनी एक खूण केली. जुन्या बायकांची खूण. ती मी लग्न होऊन आले तेव्हा एकदाच पाहिली होती. मग ती चहाला गेली. बायकाही पांगल्या, चारचे घाणे अजून यायचे होते.

मी फळीवर बसले. डबा उघडला. म्हटलं, आता ही काहीतरी बोलणार. तू पण तसलीच निघालीस, म्हणणार. तिनं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

गौतमी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या डब्यातली भाकरी मोडून तिनं एक तुकडा स्वतः खाल्ला. 

"आई," ती म्हणाली.

"काय?"

"शेवंताक्कानं शेवटी केली ती खूण..." तिनं हात वर करून तशीच अर्धीमुर्धी करून दाखवली. "तिचा अर्थ काय गं?"

माझ्या हातातला घास खाली राहिला. पाच वर्षांनी विचारत होती. आणि विचारून विचारून काय विचारलं, तर हे! ती इतकी घाणेरडी खूण होती की सोळा वर्षांच्या पोरीला कुठल्याच आईनं सांगू नये. काहीतरी गोड सांगून टाकावं, देवाची खूण आहे, सुखानं जा असा अर्थ आहे. जिभेवर आलंसुद्धा होतं.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि खरा अर्थ सांगितला.